चार अंश पाणी आणि टॉवेलचा सूट

पाणी चार अंशांवर होतं आणि मी टॉवेलच्या कापडाचा सूट शिवून, तो अंगात घालून त्यात उतरलो. असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट असं करू नकोस हे स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं, आणि ते मला नीट समजलंही होतं.

संपादकांनी 'पाण्याखालचे थरारक अनुभव' लिहायला सांगितलंय. लोकांनाही तेच हवं असतं. लग्नाच्या पंगतीत कुणी माझी ओळख करून दिली की पहिला प्रश्न मगरीचा, दुसरा प्रेताचा आणि तिसरा देवळाखालच्या खजिन्याचा. पाण्यात जाताना आत काय घालता, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही. माझा जीव जायची वेळ आली ती मात्र मगरीमुळं नव्हे, आतल्या कपड्यांमुळं. तेव्हा हा लेख चड्डी-बनियनचा आहे. दिवाळीच्या अंकात शोभत नसेल तर संपादकांनी तिथं 'अंतर्वस्त्रे' घालून घ्यावं.

मी सिद्धाराम. मूळचा होटगीचा, आता बरीच वर्षं सोलापुरात. धंदा पाणबुड्याचा. ज्या शहरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही त्या शहरात पाणबुड्या राहतो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "मग बुडायला जाता कुटं?" समुद्राशी माझा संबंध नाही, मी गोड्या पाण्यातला. धरणं, बंधारे, वीजघरं, साखर कारखान्यांची तळी. तिथं पाण्याखाली दरवाजे असतात, जाळ्या असतात. ते गंजतात, अडकतात, त्यांत ओंडके येऊन बसतात, कधी एखादी म्हैस येऊन बसते. ते मोकळं करायला माणूस लागतो. खाली बहुतेक वेळा स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही, सगळं काम चाचपून. डोक्यावर हेल्मेट, त्याला वरून आलेली हवेची नळी, नळीबरोबरच बोलायची वायर. वर काठावर ती नळी हातात धरून एक माणूस उभा असतो, त्याला आम्ही टेंडर म्हणतो. पाणबुड्याची बायको देवाला हात जोडते, पण खरं म्हणजे तिनं टेंडरला जोडायला पाहिजेत.

माझा टेंडर फारूक, सोलापूरचाच. हवेच्या कॉम्प्रेसरवर बिरू, सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. अशी आमची तिघांची टोळी पुण्याच्या एका कंत्राटदाराकडं कामाला होती. त्यांना आम्ही मालक म्हणायचो.

आमच्या मुलखातलं पाणी गार म्हणजे किती गार? उन्हाळ्यात धरणाचा वरचा थर चहासारखा असतो. एकदा श्रीपूरकडं एका साखर कारखान्याच्या गरम पाण्याच्या तळ्यात उतरून मी बाहेर आलो, तेव्हा फारूक माझ्याकडं बघून म्हणाला, "अंडा उबल गया. नमक लाऊं क्या?" जुना टी-शर्ट आणि अर्धी चड्डी घातली की आमचं भागायचं. थंडी हा आमच्या धंद्यातला विषयच नव्हता.

आणि मग मालकांनी हिमाचलातल्या एका धरणाचं काम घेतलं. ऐन थंडीत.

काम ऐकायला साधं होतं. वीजघराकडं जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना उभ्या खाचा असतात. त्या खाचांतून मोठमोठ्या लोखंडी फळ्या खाली सोडल्या की बोगद्याचं तोंड बंद होतं, आतलं पाणी काढून टाकता येतं आणि यंत्रं दुरुस्त होतात. त्यातली सगळ्यात खालची फळी बसत नव्हती. खाचेच्या तळाशी काहीतरी अडकलं होतं. पाणबुड्यानं खाली जायचं, ते काय आहे बघायचं आणि काढायचं. बोगदा दुसऱ्या टोकाला बंद होता, म्हणजे पाण्याला ओढ नव्हती. ओढ असलेल्या पाण्यात माणूस उतरवत नाहीत. त्यात गेलेली माणसं मला माहीत आहेत, आणि त्या गोष्टीवर मी विनोद करत नाही.

अडचण होती ती माझी. माझं वय झालं होतं. म्हणजे इतर धंद्यांत झालं नसतं, पण आमच्यात चाळिशी उलटली की लोक तुमच्या गुडघ्यांकडं बघायला लागतात. मालकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सिद्धाराम, हे जमलं तर पुढची थंड पाण्याची सगळी कामं तुझ्या टोळीची. नाही जमलं तर मी उत्तरेकडची पोरं घेतो. तू वर थांब, कॉम्प्रेसर बघ. पगार तोच."

पगार तोच, हे त्यातलं सगळ्यात वाईट वाक्य होतं. कॉम्प्रेसरवर बसलेला पाणबुड्या म्हणजे लग्नात वाढपी झालेला नवरदेव. मी म्हणालो, "जमतंय की, मालक. पाणी ते पाणी."

आता ड्रायसूटबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. एवढ्या गार पाण्यात ड्रायसूट लागतो. पायातल्या बुटापासून मानेपर्यंत एकसंध रबरी पोतं समजा. मनगटाला आणि मानेला घट्ट रबरी पट्टे, पाठीवर पाणी न शिरणारी चेन. आत पाण्याचा थेंब येत नाही. छातीवर एक बटण असतं, ते दाबलं की नळीतली हवा सुटात येते. डाव्या दंडावर एक झडप असते, तिच्यातून जादा हवा बाहेर जाते. खाली जाताना पाणी सुटाला आवळतं, म्हणून थोडी हवा घ्यायची. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून सोडायची. पण हा सूट तुम्हाला कोरडं ठेवतो, ऊब देत नाही. रेनकोट घातला म्हणून कुणाला गरम होतं का? ऊब द्यायची ती आतल्या कपड्यांनी. पाण्याखाली माणूस तगतो तो आतल्या कपड्यांवर.

तिथले आमचे सुपरवायझर कुरियन साहेब, केरळचे, नेव्हीतून निवृत्त झालेले. त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं, "सिद्धा, तीन लेयर. कॉटन बिल्कुल नहीं. कॉटन पसीना पकड़ता है."

कापूस बिल्कुल नको! सोलापुरात उभ्या असलेल्या माणसाला!

मला ते मनाला लागलं. मी विचार केला, आणि त्या विचाराचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला. कापूस पाणी धरतो, बरोबर. मग टॉवेल कशासाठी असतो? पाणी धरण्यासाठीच! आंघोळ झाल्यावर आपण अंग कशानं कोरडं करतो? घाम आला, टॉवेल पिऊन टाकेल. कुठून थोडं पाणी शिरलं, टॉवेल पिऊन टाकेल. अंग कोरडं. दिवसभर अंग पुसत राहणारा कपडा अंगात घालून फिरायचं! नेव्हीवाल्यांना हे सुचलं नाही, कारण नेव्हीवाले सोलापूरचे नसतात. पिलेलं पाणी टॉवेल नेऊन कुठं ठेवणार, एवढा एकच प्रश्न मला पडला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा शाळेतला मित्र नरसय्या याचे टॉवेलचे माग आहेत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, रागावला की दोन्ही. मी म्हणालो, "नरसय्या, तुझ्याकडचं सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ कापड दे. लव उभी पाहिजे."

"एमि रा, सिद्धू, हॉटेल काढलास का?"

"हिमाचलला धरणात घालून उतरणार आहे."

त्यानं मागाचा खडखडाट थांबवून माझ्याकडं बघितलं. "माझ्या टॉवेलचं नाव सांगू नको तिथं," एवढंच म्हणाला आणि कापड काढलं. जाड माल एकाच रंगात शिल्लक होता. राणी रंगात. वर किनारीला मोर.

बायको महानंदा घरी शाळेचे गणवेश शिवते. चार मशीन, चार बायका, जूनच्या आधी माझ्याशी बोलायलासुद्धा सवड नसते. मी मापं दिली. आत लेंगा आणि सदरा, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट, तेही टॉवेलचंच.

"अहो, हे काय शिवायला लावलंय? बाळंतिणीचं आहे का?"

"कामाचं आहे. तू शीव."

"मोर कुटं घेऊ? पाठीवर का बुडावर?"

"मोर नको."

"कापड कमी पडतंय, मोर कुटंतरी येणारच." शेवटी मोर पाठीवर आला. तिनं एक गोष्ट मात्र सांगितली होती, "नवं टॉवेल हाय, दोन-तीन पाण्यांतून काढा, लव गळतीय." धुतल्यावर मऊपणा जातो म्हणून मी ते ऐकलं नाही. त्या गळणाऱ्या लवेचं नाव पुढं एकदा येणार आहे.

धरणावर पोचलो. चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर आणि मध्ये शाईसारखं काळं पाणी. काठावर तंबू ठोकून कपडे बदलायची सोय केली होती. फारूकनं मला त्या राणी रंगाच्या सुटात बघितलं आणि तो खालीच बसला.

"सिद्धूभाई, हमाम कू जारैं क्या?"

बिरू तंबूत डोकावला. "आरं द्येवा! आण्णा, पाठीवर मोर हाय की!"

"हसू नका. विचार करून केलंय."

"त्येचंच भ्या वाटतंय," बिरू म्हणाला.

तंबूबाहेरून कुरियन साहेबांचा आवाज आला, "सिद्धा! थ्री लेयर?"

"थ्री लेयर, सर!" आत बनियन, त्यावर सदरा, त्यावर जाकीट. खोटं एक अक्षर बोललो नाही. बनियनही सुतीच होता, हे त्यांनी विचारलं नाही.

रबरी सूट चढवणं हे निम्मं काम असतं. पट्ट्यांना पावडर लावायची, डोकं आत घालायचं, एक जण मागून चेन ओढतो. त्यात माझ्या आत दोन थर टॉवेल. गादी उशीच्या अभ्र्यात घालावी तसं फारूकनं मला घातलं. मग बाहेर येऊन बसलो, तर वीजघराकडून परवानगीचा फोन येईना. ऊन पडलं होतं. रबरी पोत्यात, टॉवेलमध्ये, उन्हात मी बसून राहिलो आणि हिमाचलातल्या थंडीत मला सोलापूरच्या मे महिन्यासारखा घाम आला. टॉवेल पीत होता. मला मनातून आनंद होत होता, बघा, पितोय की नाही!

उतरलो तेव्हा पहिली काही मिनिटं फार छान गेली. कुरियन साहेबांनी वायरवरून विचारलं, "ठंडा लगता है?" मी म्हणालो, "बिल्कुल नहीं, सर." भिंतीला लोखंडी पायऱ्या होत्या, त्या धरून तळाशी गेलो, खाच चाचपली. एक मोठा दगड आणि त्याच्या मागं झाडाचं मूळ, दोन्ही पाचरीसारखं बसलेलं. पहार घालून हलवायला लागलो.

मग पाठीवर मोर होता तिथं कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. मग तो हात कमरेपर्यंत उतरला. टॉवेलनं पिलेला सगळा घाम आता बाहेरच्या पाण्याइतका गार होत चालला होता, आणि तो माझ्या अंगाला सगळीकडून चिकटलेला होता. ऊब देते ती कपड्यातली अडकलेली हवा. माझ्या कपड्यात हवा उरलीच नव्हती, सगळीकडं घाम भरला होता. थंडीत माणसाचं डोकं मंद होतं. माझं आधीपासून होतं, ते आणखी झालं. मला वाटलं, सुटात थोडी जास्त हवा घेतली तर गरम वाटेल. बटण दाबलं. बरं वाटलं. पुन्हा दाबलं.

बोटं पहार धरेनात तेव्हा मी वर येतो म्हणून सांगितलं. चार पायऱ्या चढलो, तशी सुटातली हवा फुगायला लागली. दंडावरच्या झडपेतून ती जायला पाहिजे होती. जाईना. झडपेच्या आतल्या भोकांवर ओला टॉवेल तळहातासारखा चिकटला होता, आणि जी काही फट उरली होती तिच्यात नरसय्याच्या कापडाची लव जाऊन बसली होती. सूट टमटमीत फुगला. हवा वाट शोधत पायात गेली, पाय वर उचलले आणि मी उलटा झालो. एका हाताचं कोपर पायरीत अडकवलं म्हणून तिथंच राहिलो. तसा सुटलो असतो तर थेट वर गेलो असतो. खोलातून बाणासारखं वर जाणारा पाणबुड्या पुष्कळदा चालत घरी जात नाही.

"सिद्धा, पोझिशन?"

"उलटा है, सर."

मग फारूकचा आवाज आला. त्यानं साहेबांच्या हातातून बोलायचं यंत्र घेतलं असणार, एरवी त्याला परवानगी नसते. "भाई, होटगी की बावडी याद करो. मुटका. मुटका मारो."

होटगीला आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी फारूकला पोहायला शिकवलं होतं. काठावरून उडी मारताना गुडघे पोटाशी घट्ट घ्यायचे, हातांनी कवळायचे आणि गठुडं होऊन पाण्यात पडायचं, तो मुटका. मी गुडघे पोटाशी ओढले. टॉवेल भिजून जड झालेला, सूट फुगलेला, पोट माझं स्वतःचं. तिसऱ्या प्रयत्नाला गठुडं झालो, गरकन फिरलो, पाय खाली आले आणि ते पायरीत अडकवले. आता हवा वर खांद्याकडं. डावा हात उंच केला आणि उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटाच्या रबरी पट्ट्यात खुपसली. हवा भस्सकन बाहेर गेली. आणि तिच्या जागी चार अंशांचं पाणी बाहीतून आत आलं.

टॉवेलनं तेही पिलं. त्याचं काम तो शेवटपर्यंत करत होता.

फारूकनं आणि बिरूनं मला नळीला आणि अंगावर बांधलेल्या पट्ट्यांना धरून ओढून काढलं. मला बोलता येत नव्हतं, दात एकमेकांवर वाजत होते. सूट कापावा का म्हणून विचार चालू होता. चेन निघाली तेव्हा पाठीवरचा मोर सगळ्या धरणाला दिसला. कुरियन साहेब मोराकडं बघत राहिले. त्यांनी मला एक शिवी दिली नाही. कांबळं गुंडाळलं, गोड चहा घोटघोट पाजला, डॉक्टरला बोलावलं. हातापायाला चोळू दिलं नाही, शेकोटीजवळ बसू दिलं नाही. एवढ्या गारठलेल्या माणसाला हळूहळूच गरम करतात. त्या रात्रीपर्यंत दर थोड्या वेळानं ते येऊन माझी बोटं दाबून बघायचे. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं अजून थंडीत बधिर होतात. महानंदा म्हणते, बरं झालं, तेवढीच मोबाइलवर कमी फिरतात.

तो टॉवेलचा सूट बिरूनं पिळून कठड्यावर वाळत घातला. संध्याकाळपर्यंत तो गोठून ताठ झाला आणि कठड्याला टेकून बिनडोक्याचा माणूस उभा राहावा तसा राहिला. पाळीवर येणारे तिथले मजूर त्याला 'नमस्ते पंडितजी' म्हणून पुढं जायला लागले. पुढं सोलापुरात महानंदानं त्याची पायपुसणी केली. एक अजून न्हाणीघराच्या दारात आहे, अर्ध्या मोराचं. उत्तम पाणी पितं.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. "जिवंत आहेस ना? मग बिरूकडून कॉम्प्रेसर शिकून घे. मी उत्तरेकडची पोरं बोलावतो."

कुरियन साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "मालिक, पत्थर किधर है, वो सिर्फ इसको मालूम. डॉक्टर हां बोलेगा तो एक बार और देगा. लेकिन कपड़ा मैं देखेगा. एक-एक." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "इस बार गड़बड़ किया तो कंप्रेसर. मैं खुद बिठाएगा."

म्हणजे माझं पाण्यातलं सगळं आयुष्य आता बाजारात मिळणाऱ्या आतल्या कपड्यांवर आलं. सामान मागवायला वेळ नव्हता. डॉक्टरनं विश्रांतीनंतर हो म्हटलं आणि मी आणि फारूक खाली गावातल्या बाजारात गेलो. साहेबांनी काय बघायचं ते तोंडपाठ करून घेतलं होतं.

पहिला थर अंगालगत, पातळ, घट्ट, घाम न धरता पुढं ढकलणारा. खेळाडू घालतात तसलं कृत्रिम धाग्याचं किंवा बारीक लोकरीचं. दुसरा थर उबेचा, जाड पण हलका, आवळला तरी पुन्हा फुलणारा. तिसरा थर वाऱ्यापाण्याचा, म्हणजे तो सूटच. कशालाही बटण नको, खडा नको, मोठी चेन नको, टोपी नको. सूट आवळतो तेव्हा आतलं बटण अंगात रुततं. माझ्या करदोट्याची चांदीची पेटी पोटावर उमटली होती, ती महिनाभर गेली नाही. करदोटा साहेबांनी सोडायला लावला, तो फारूकच्या खिशात राहिला. मोजे फार घट्ट नकोत, रक्त अडलं की पाय जास्तच गार पडतो. बाही मनगटाच्या पट्ट्याखाली जायला नको, एक सुरकुती गेली तरी पाणी शिरतं. आणि हे सगळं घालून उकिडवं बसता आलं पाहिजे, हात डोक्यावर नेता आले पाहिजेत, एका हातानं दुसऱ्या खांद्याला शिवता आलं पाहिजे. नाही आलं तर खाली झडपेपर्यंत हात पोचणार नाही.

बिरूनं निघताना सल्ला दिला होता. "आण्णा, लोकर घ्या. भिजली तरी ऊब सोडत न्हाय. आमची मेंढरं पावसात हुबी असत्यात, त्यास्नी कोण टॉवेल देतंय?" इथपर्यंत बरोबर होतं. मग तो म्हणाला, "माजं घोंगडं हाय की, त्येच फाडून शिवूया." ते घातलं असतं तर थंडीनं नाही पण खाजेनं मेलो असतो, आणि झडपेत लवेऐवजी केस गेले असते.

लोकरीचे मोजे आणि बारीक विणीचा स्वेटर मिळाला. उबेचा जाड मऊ कोट-पायजमा मिळाला, त्याची लव गळते का ते फारूकनं काळ्या टोपीवर घासून बघितलं. अडलं ते पहिल्या थरावर. माझ्या मापाची घट्ट, पातळ, गरम पँट मिळेना. शेवटच्या दुकानात दुकानदारानं एक काढली. ताणली, सोडली. अगदी पाहिजे तशी. मी म्हणालो, "हीच द्या."

"भाईसाहब, यह लेडीज़ है."

घोट्याजवळ लहान लहान फुलं होती. फारूक दुकानाबाहेर गेला आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी ती घेतली. कॉम्प्रेसरपेक्षा फुलं बरी.

दुसऱ्या दिवशी कुरियन साहेबांनी मला सगळ्यांसमोर, फक्त पहिल्या थरावर, धरणाच्या काठावर उभं केलं. वीजघराचे दोन इंजिनियर होते, क्रेनवाले होते, कांबळी गुंडाळलेले मजूर होते. साहेबांनी कापड चिमटीत धरलं, ताणलं, उजेडाकडं धरलं. घोट्याकडं बघितलं. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "गुड," म्हणाले. मग दुसरा थर. उकिडवं बसवलं, हात वर करायला लावले, खांद्याला शिवायला लावलं. शाळेत मास्तरांनीही मला एवढी उठबस करायला लावली नव्हती. झडपेच्या जागी त्यांनी आत बारीक जाळीचा एक तुकडा शिवून घेतला होता, म्हणजे कापड चिकटलं तरी हवेला वाट राहावी. जाड कपड्यांमुळं अंग तरंगतं, म्हणून कमरेला शिसं वाढवलं आणि आधी काठाजवळच्या उथळ पाण्यात उतरवून बघितलं. मग चेन उघडून बसवलं आणि परवानगीचा फोन आल्यावरच ती पुन्हा ओढली. या वेळी घाम आला तो फक्त लोकांच्या बघण्यानं.

खाली गेलो. गार लागत नव्हतं असं नाही, गालाला हेल्मेटच्या आतूनही झोंबत होतं. पण पाठ माझी होती, पोट माझं होतं आणि बोटं पहार धरत होती. दगड हलला. मग मूळ कापलं, पिळलं, ओढलं. दोरखंडाला बांधून दगड वर पाठवला. खाचेत हात घालून वरपासून खालपर्यंत फिरवला. मोकळी. वर येताना झडपेतून हवा बुडबुड करत नेमानं जात होती. तो आवाज मला फार गोड वाटला. फारूक वायरवरून काहीतरी गुणगुणत होता. साहेब त्याला गप्प बस म्हणाले नाहीत.

दुपारी क्रेननं फळी सोडली. ती खाचेतून खाली गेली, गेली, आणि तळाला बसली तेव्हा पायाखालच्या काँक्रीटमध्ये एक बारीक धक्का जाणवला. इंजिनियर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिरू म्हणाला, "बसली की वो, आण्णा!"

त्यानंतर मी किती वर्षं उतरलो आणि कधी थांबलो, हे सांगत बसत नाही. आता तर निम्म्या ठिकाणी वायरीवरचा कॅमेरा जातो, त्याला थंडीही वाजत नाही आणि मोरही लागत नाही. पाणबुड्यांचे आतले कपडे मी आणि महानंदा मिळून शिवतो. कापते ती, बडबडतो मी. झडपेची जाळी माझ्या मापाची असते. माप द्यायला आलेल्या प्रत्येकाला मी आधी सुती बनियन काढायला लावतो. नरसय्या आला की हे ऐकून तोंड फिरवतो.

पण त्या दुपारी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. सूट उतरवून, फुलांच्या पँटवर कांबळं गुंडाळून, चहाचा पेला हातात धरून मी कुरियन साहेबांकडं गेलो. मालकांचा फोन नुकताच येऊन गेला होता आणि काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "सर, मग माझं काय? खाली का वर? कॉम्प्रेसर का?"

साहेबांनी माझ्याकडं डोक्यापासून घोट्यापर्यंत बघितलं.

"तुम पानी में ही रहो," ते म्हणाले. "ऊपर बैठेगा तो फिर सोचेगा."